मात्रा

आमच्या गावाकडे पिकावर मारायच्या विषाला कोणी विष म्हणत नाही, औषध म्हणतात. ‘आज औषध मारायला गेला’, ‘औषधाचा डबा इकडे आण’, असेच आम्ही लहानपणापासून बोलत आलो. म्हणून २०१३ च्या पावसाळ्यात एका सरकारी दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी “काय झालं?” म्हणून विचारले, तेव्हा मी सांगितले, “साहेब, भावाला औषध चढलं.” ते म्हणाले, “औषध नाही हो, विष म्हणा.” त्यानंतरच्या पंधरा दिवसांत विष आणि औषध यांच्यामध्ये किती बारीक रेघ असते, ते मी डोळ्यांनी पाहिले. आपल्या घराघरांत माझ्या भावासारखी माणसे आहेत, म्हणून हे लिहीत आहे.

माझा धाकटा भाऊ रोजंदारीने दुसऱ्याच्या कपाशीत फवारणी करीत होता. पाठीवर पंप, अंगात नुसते बनियन, पाय उघडे. वारा उलटा होता. दुपारी हात न धुताच त्याने भाकर खाल्ली. दिवस कलता कलता तोंडातून लाळ गळू लागली, अंग घामाने निथळले, छातीत घरघर लागली, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या. सोबतच्या मजुरांनी त्याला ऑटोत घातले. माझी भावजय शाळेत फार शिकलेली नाही; पण तिने एक शहाणपण केले. तो रिकामा डबा पिशवीत घालून सोबत आणला. डबा पाहून डॉक्टर म्हणाले, “बाई, तुम्ही माझं अर्धं काम केलंत.” आधी त्यांनी भिजलेले कपडे काढवले आणि साबणाने त्याचे अंग धुवून घेतले.

हे विष ऑर्गेनोफॉस्फरस जातीचे. माझी मुलगी तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती, तिने मला समजावले. आपल्या शरीरात मज्जातंतूंचा निरोप स्नायूंना आणि ग्रंथींना पोचवणारे एक द्रव्य असते. निरोप पोचला की ते द्रव्य पुसून टाकणारे दुसरे द्रव्य असते. हे विष त्या पुसणाऱ्यालाच बांधून टाकते. मग निरोप थांबतच नाहीत. लाळ, घाम, फुप्फुसातले पाणी वाढतच जाते आणि माणूस जागच्या जागी बुडतो. त्यावरचे मुख्य औषध म्हणजे अट्रोपिन. ते स्वस्त आहे आणि जुने आहे. गंमत अशी, की आपल्या बांधावरच्या धोतऱ्यात जे विष असते, त्यातलाच हा एक अंश. एक विष दुसऱ्या विषाला अडवते; पण मात्रा बरोबर असेल तर.

अतिदक्षता विभागाच्या दाराच्या काचेतून मी पाहत होतो. डॉक्टर इंजेक्शन द्यायचे, पाच मिनिटे थांबायचे, छातीला नळी लावून ऐकायचे, नाडी आणि रक्तदाब पाहायचे, मग मात्रा दुप्पट करायचे. घरघर थांबेपर्यंत असे चालले. ट्रेमधल्या काचेच्या रिकाम्या कुप्या मी तीसपर्यंत मोजल्या, पुढे मोजणे सोडले. पुढे सलाईनमधून तेच औषध थेंबथेंब सुरू राहिले.

बाहेर कोणी तरी सांगितले, ‘पॅम’ नावाचे भारी इंजेक्शन आणा, नाही तर माणूस वाचत नाही. भावजयीने कानातले काढून माझ्या हातावर ठेवले. मी ते घेऊन डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, “कानातलं राहू द्या. ते इंजेक्शन आमच्याकडे आहे, देतो आहोत. पण त्याच्याबद्दल डॉक्टरांचंच एकमत नाही. अट्रोपिन आणि श्वास, यांवर सगळं आहे.” मोठ्या डॉक्टरांनी ‘एकमत नाही’ म्हणावे, याचा मला तेव्हा रागच आला होता.

दुसऱ्या रात्री भाऊ बरळू लागला. हवेतून काही तरी वेचायचा, वारलेल्या बापाला हाका मारायचा, नळ्या ओढायचा. अंग तापले, जीभ कोरडीठाक पडली. हात बांधावे लागले. शेजारच्या पेशंटच्या नातेवाइकांनी सांगितले, “याले बाहेरचं धरलं. उतारा करा.” माझी माय कोपऱ्यात बसली होती. १९५६ साली ती दहा वर्षांची होती, बापाच्या खांद्यावर बसून नागपूरच्या दीक्षाभूमीवर गेली होती. ती एवढेच म्हणाली, “बापा, आमी ते सोडून आलो.”

मायने अंधश्रद्धा दारातच अडवली. पण माझ्या मनात दुसरेच भूत शिरले होते. वाटले, या लोकांनी औषध जास्त दिले, माझ्या भावाला वेडे केले. मी धीर करून रात्रीच्या डॉक्टरांना विचारले. वाटले होते खेकसतील. त्यांनी भावाला तपासले, पोटाला नळी लावून ऐकले आणि म्हणाले, “दादा, बरोबर आहे तुमचं. आता अट्रोपिन जास्त होतंय.” त्यांनी थेंब थांबवले आणि काही वेळाने कमी मात्रेत पुन्हा सुरू केले. सकाळपर्यंत बरळणे बरेच उतरले.

तिसऱ्या दिवशी तो शुद्धीवर होता. म्हणाला, “दादा, मले घरी ने.” रोज बुडत होता, डोक्यावर उसनवारी होती. मीही ठरवले. स्वतःच्या जबाबदारीवर नेतो, असा कागद लिहून द्यायला निघालो. तेवढ्यात सिस्टर आल्या. त्या भावाला म्हणाल्या, “भाऊ, उशीवरून डोकं उचला बरं.” त्याला डोके उचलता येईना! मान लुळी पडली होती. सिस्टर कागद बाजूला ठेवून धावत गेल्या. दोन तासांत त्याचा श्वास तोकडा झाला आणि त्याला यंत्रावर घ्यावे लागले. तो अकरा दिवस यंत्रावर होता. त्या सकाळी माझा कागद पूर्ण झाला असता, तर भाऊ वाटेत ऑटोमध्येच गेला असता.

बरा वाटणारा रुग्ण एक ते चार दिवसांनी असा अचानक कोसळतो, हे १९८७ साली श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी नीट नोंदवून जगापुढे मांडले. त्यांनी पेशंटची मान तपासून, लिहून ठेवले, म्हणून सव्वीस वर्षांनी एका सिस्टरने माझ्या भावाची मान तपासली.

आज माझी मुलगी स्टाफ नर्स आहे. तिने मला पुढचेही वाचून दाखवले. हे संशोधन फक्त विलायतेतल्या काचेच्या घरांत झाले नाही, आपल्यासारख्या कष्टकऱ्यांच्या खाटांजवळ झाले. आपल्या बारामतीत डॉक्टरांनी २०० रुग्णांवर पॅमचा अभ्यास केला. अर्ध्यांना ते सतत आणि मोठ्या मात्रेत दिले, अर्ध्यांना थांबून थांबून. पहिल्या गटात शंभरात १ दगावला, दुसऱ्यात ८. हे २००६ साली ‘लॅन्सेट’ या नामांकित साप्ताहिकात छापून आले. पण २००९ साली श्रीलंकेतल्या २३५ रुग्णांच्या अभ्यासात उलटे दिसले. पॅम दिलेल्यांपैकी शंभरी सुमारे २५ गेले आणि नुसते सलाईन दिलेल्यांपैकी सुमारे १६. तो फरक पॅममुळेच पडला, असे ठामपणे म्हणण्याएवढा नव्हता. पण फायदा काही दिसला नाही. दोन्हीकडची विषे, रुग्ण आणि सोयी वेगळ्या होत्या. त्या डॉक्टरांचे ‘एकमत नाही’ हे अडाणीपण नव्हते, तो प्रामाणिकपणा होता, हे मला तेव्हा कळले.

आणि अट्रोपिनचे? बांगलादेशात चितगावच्या डॉक्टरांनी १५६ रुग्णांवर पाहिले. जुन्या पद्धतीने ठरावीक मोठी मात्रा पुन्हा पुन्हा दिली, तिथे शंभरी २२ ते २३ दगावले. दर वेळी तपासून, भराभर वाढवून, मग थेंबांवर ठेवले, तिथे ८. शिवाय औषध जास्त होण्याचा त्रासही दुसऱ्या पद्धतीत निम्म्याहून कमी झाला. हे २०१२ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे औषधाचे बळ त्याच्या किमतीत नाही, घडीघडीला तपासणाऱ्या हातात आहे.

विहारात भन्तेजी विषारी बाणाची गोष्ट सांगतात. बाण लागलेला माणूस म्हणतो, बाण कोणी मारला, त्याचे कूळ काय, ते कळेपर्यंत काढू देणार नाही. आणि तो मरतो. दवाखान्याबाहेर आपण तेच करतो. मालकाची चूक, भावाची चूक, डॉक्टरांची चूक. ते नंतर पाहू. मालकाने तोंडाला फडके तरी द्यायला हवे होते, हे मी आजही म्हणतो. २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो दवाखान्यात पडली. ती जबाबदारी मागितलीच पाहिजे. पण आधी बाण काढायचा.

म्हणून माझ्या बंधू-भगिनींना कळकळीची विनंती आहे. विषबाधा झाली तर कपडे काढा, अंग साबणाने धुवा, वेळ न घालवता दवाखाना गाठा. डबा सोबत न्या. कोणी जीव द्यायला म्हणून घेतले असेल, तरी लाजेपायी डॉक्टरांपासून लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला शिक्षेऐवजी आधार द्यायला सांगितले आहे. मनावर ओझे असेल त्याने सरकारच्या टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर जरूर बोलावे. आणि दवाखान्यात प्रश्न विचारा. मी विचारला म्हणून मात्रा कमी झाली. पण प्रश्न विचारणे वेगळे आणि पेशंट उचलून नेणे वेगळे. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः तपासून पाहा, असे तथागतांनी सांगितले. मी पहिल्या वेळी विचारले, दुसऱ्या वेळी न विचारताच कागद हातात घेतला.

भाऊ आजही फवारणीला जातो. दुसरे काम मिळत नाही. पण आता पूर्ण बाह्यांचा सदरा आणि बूट घालतो, तोंडाला फडके बांधतो, वारा पाहून उभा राहतो. घरी आला की त्याची लेक दारातच आडवी होते, “बाबा, आधी साबण!” तो हसत हसत मोरीकडे वळतो.

जयभीम!