जिंकले कोण?

बंडखोरांच्या हाती गेलेले एखादे शहर परत घेण्यासाठी सैन्य निघाले, अशी वार्ता वर्तमानपत्रांत अधूनमधून येत असते. शहराचे नाव अपरिचित, देश दूरचा. कोणाची सरशी झाली एवढे आपण पाहतो आणि पान उलटतो. परंतु अशा मोहिमेचा जमाखर्च विजयाच्या दिवशी पुरा होत नसतो. तो पाहावयाचा तर तेथील घरांत शिरावे लागते. त्याकरिता परदेशी जाण्याचेही कारण नाही. खानदेशाच्या उंबरठ्यावर, तापीच्या काठी, हा हिशेब जवळजवळ चारशे वर्षांपूर्वी मांडला गेला आहे.

मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर हे शहर तापीच्या उत्तर तीरावर, आणि जैनाबाद हे गाव त्याच्या समोर दक्षिण तीरावर. फारुकी घराण्यातील नासिरखानाने शेख बुऱ्हाणुद्दीन व शेख जैनुद्दीन या दोन साधुपुरुषांची नावे या स्थळांना दिली. नावे साधूंची, पण पुढे मोगलांच्या अमदानीत बुऱ्हाणपूर हे दक्षिणेचे प्रमुख ठाणे झाले, आणि जेथे ठाणे तेथे फौजा या ठरलेल्याच.

शहाजादा खुर्रम, ज्याला आपण शहाजहान या नावाने ओळखतो, त्याने १६२२ साली आपला पिता जहांगीर बादशाह याच्याविरुद्ध बंड पुकारले. देशभर वणवण केल्यावर तो दक्षिणेत आला, मलिक अंबरशी त्याने सख्य केले आणि १६२५ च्या सुमारास बुऱ्हाणपुरास वेढा दिला. बुंदीचा राव रतन हाडा शहर राखून होता. बंडखोरांची एक तुकडी तटाच्या आत घुसली खरी, परंतु ती आतच कोंडली जाऊन पकडली गेली. इतक्यात शहाजादा परवेझ आणि महाबतखान बादशाही फौजेसह चालून येत असल्याचे कळले आणि वेढा उठला. १६२६ साली खुर्रमला शरण जावे लागले. अशीरगड व रोहतास हे किल्ले त्याने सोडून दिले. आणि दारा व औरंगजेब या आपल्या मुलांना ओलीस म्हणून आजोबांच्या दरबारी धाडले. दारा अकरा वर्षांचा होता, औरंगजेबाला आठ वर्षेही पुरी झाली नव्हती. या साऱ्या धावपळीत त्यांची आई मुमताजमहल पतीसमवेत होती. किल्ले देताना बापाला काय वाटले ते इतिहासकार लिहितील. मुले देताना आईला काय वाटले ते प्रत्येक आईने स्वतःच्या मनास विचारावे.

१६२८ साली खुर्रम तख्तावर बसला. पुढच्याच वर्षी खानजहान लोदी या बड्या सरदाराने त्याच्याविरुद्ध बंड केले आणि तो निजामशाहीच्या आश्रयास गेला. त्याचे पारिपत्य करण्यासाठी १६३० साली शहाजहान स्वतः बुऱ्हाणपुरास येऊन राहिला आणि तेथून त्याने तीन फौजा दक्षिणेत सोडल्या. पाच वर्षांपूर्वी बंडखोर म्हणून ज्या तटाबाहेर तो उभा होता, त्याच तटाच्या आत बसून आता तो दुसऱ्याचे बंड मोडीत होता! १६३१ च्या आरंभी उत्तरेकडे पळून गेलेला खानजहान मारला गेला. मोहीम फत्ते झाली.

पण त्याच काळात दक्षिणेत व गुजरातेत काय चालले होते? १६३० साली पाऊस पडला नाही. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात सुरतेहून आग्र्याकडे निघालेल्या पीटर मंडी नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने वाटेवरच्या गावांत पडलेल्या प्रेतांचे वर्णन लिहून ठेविले आहे. त्याच प्रवासवर्णनात बंजाऱ्यांचा एक तांडाही भेटतो. बैलांच्या पाठीवर धान्याच्या गोणी, आणि ते सारे धान्य चालले होते बुऱ्हाणपूरच्या बादशाही छावणीकडे! न्यायाने हेही सांगितले पाहिजे की बादशाहाने अन्नछत्रे उघडली आणि दर सोमवारी ५,००० रुपये गोरगरिबांस वाटविले. परंतु भुकेल्या मुलुखाच्या मानाने ते किती? देहूच्या तुकोबांची पहिली पत्नी याच दुष्काळात अन्नावाचून गेली, हे महाराष्ट्रात लहानथोरांस ठाऊक आहे. अशा किती जणी गेल्या, त्यांची नावे कोठेही नाहीत.

आणि विजयी बादशाहाचे घर तरी सुटले काय? १७ जून १६३१ रोजी बुऱ्हाणपूरच्या राजवाड्यात चौदाव्या बाळंतपणात मुमताजमहल वारली. तिचे वय अडतीस. नदीपलीकडे जैनाबादेच्या बागेत तिला पुरले. सहा महिन्यांनी, डिसेंबरात, तो देह आग्र्यास नेण्यात आला आणि त्यावर ताजमहाल उभा राहिला.

काही वर्षांपूर्वी आम्ही जैनाबादेस गेलो होतो. आहूखाना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या जुन्या बागेत पडक्या भिंती तेवढ्या उरल्या आहेत. ही सारी हकीकत आम्ही बरोबरच्या मुलांना सांगितली, तेव्हा त्यांच्यातील धाकट्याने विचारले, “मग शेवटी जिंकले कोण?” बादशाह जिंकला, असे उत्तर ओठांवर आले होते. परंतु समोर ती रिकामी जागा होती, आणि ते उत्तर आमच्याने देववले नाही.

जग बदलले, तोफांच्या जागी विमाने आली. हा प्रश्न मात्र तसाच आहे. फिलिपाईन्स देशातील मारावी हे शहर २३ मे २०१७ रोजी सशस्त्र अतिरेक्यांनी बळकाविले. तेथील कॅथेड्रल त्यांनी जाळले. फादर तेरेसितो सोगानुब यांना काही श्रद्धावंतांसह ओलीस धरले. सैन्याला ते शहर परत घ्यावयास पाच महिने लागले. फादर सप्टेंबरात सुटले. हजाराहून अधिक माणसे मेली, तीन लाखांहून अधिक लोक घरांना मुकले, आणि शहर मुक्त झाल्यावरही हजारो कुटुंबे कित्येक वर्षे तात्पुरत्या निवाऱ्यांत राहिली. पण त्याच शहरात अनेक मुसलमान कुटुंबांनी आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांना व कामगारांना घरांत लपविले, बायकांना डोकीवरून घ्यावयास आपली वस्त्रे दिली आणि जिवावर उदार होऊन त्यांना बाहेर काढले. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते.

अतिरेक्यांनी गाव बळकाविले तर सैन्याने स्वस्थ बसावे, असे आम्ही म्हणत नाही. मारावीच्या ओलिसांना सैनिकांच्या येण्याचीच आशा होती. आमचे म्हणणे एवढेच की शहर परत घेतले म्हणजे ते परत मिळाले असे नव्हे. ज्या दिवशी त्यातील अखेरच्या घराची चूल पुन्हा पेटते, त्या दिवशी ते परत मिळते.

म्हणून, वाचकहो, यापुढे अशी वार्ता घरात वाचली जाईल तेव्हा मुलांना विजेत्याचे नाव अवश्य सांगा. पण तेवढ्यावर थांबू नका. किती माणसे घरी परतली, आणि कोणी कोणाला दार उघडले, हेही शोधून सांगा. आणि ज्यांचे दार अजून बंदच आहे, त्यांची आठवण सायंप्रार्थनेत ठेवा.