तोंडातलं कुंपण

नववीत असताना माझ्या वरच्या दातांना तारा बसल्या. आमच्या वाडीत तारा लावलेली मीच पहिली. आजीनं मला उजेडात नेऊन तोंड उघडायला लावलं आणि म्हणाली, "आगं बाई, उसाला घालत्यात तसं कुंपान घातलंय की पोरीच्या तोंडात!" झालं, तेव्हापासून वाडीत माझं नाव 'कुंपण'.

त्या वर्षी सांगलीहून हळदीची पट्टी आली, ती आबांनी तशीच मिरजेच्या दातांच्या डॉक्टरांकडं नेऊन दिली. घरावरचे पत्रे बदलायचे राहिले. त्यामुळं माझ्या तोंडावर माझ्यापेक्षा घरादाराचंच लक्ष जास्त.

आणि मी तर कबड्डीत चढाई करणारी. साल 2012. त्याच वर्षी पाटण्याला बायकांचा पहिला विश्वचषक भारतानं जिंकला होता. संघात अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के या आपल्या महाराष्ट्रातल्या तिघी होत्या. सरांनी पेपरातलं कात्रण वर्गात चिकटवलं होतं. येता-जाता मी ते बघायची.

एकदा सरावात पकडीतून सुटताना एकीचं कोपर ओठावर बसलं. एरवी ओठ नुसता सुजला असता. पण तो आतून तारेवर दाबला गेला आणि फाटला. दाताला चिकटवलेला एक चौकोनी तुकडा निघून तारेवर लोंबायला लागला. रक्ताचं काही वाटलं नाही, तुकडा बघून मात्र रडू फुटलं. आबांची हळदच लोंबत होती तिथं.

आई म्हणाली, "बास झालं. दात नीट होस्तवर मैदानात पाय ठिवायचा न्हाई." डॉक्टरांनी दीड वर्ष सांगितलेलं. दीड वर्षात माझी शाळाच संपणार होती.

मिरजेपर्यंत एस्टीत आबा एक शब्द बोलले नाहीत. डॉक्टरांनी तुकडा परत चिकटवला. टोचणाऱ्या तारेवर मेणाची गोळी कशी दाबायची ते दाखवलं. आम्ही उठलो, तेवढ्यात आबा म्हणाले, "डॉक्टर, पोरगी चांगली खेळती. खेळ न सोडता कायतरी करा."

डॉक्टर म्हणाले, "खेळू दे की. फक्त मोकळ्या तोंडानं नको." दुकानात मिळणारा, गरम पाण्यात मऊ करून दातावर दाबायचा माउथगार्ड घेऊ नका, असं त्यांनी बजावलं. तो तारांच्या भोवती घट्ट बसतो, काढताना तुकडेच उपटून आणतो. शिवाय दात सरकत असतात, त्यामुळं आज बसलेला पुढं बसत नाही. तारांसाठी सिलिकॉनचा, आत जागा सोडलेला वेगळा असतो. तो त्यांनी मागवून दिला.

पण नवीनच घोर लागला. तो घालून 'कबड्डी कबड्डी' म्हणायला गेले की 'खपड्डी खपड्डी' यायचं. दम स्पष्ट ऐकू आला नाही तर पंच चढाई थांबवून माघारी पाठवतो आणि गुण समोरच्यांना जातो. पोरी हसून लोळायच्या.

तेव्हा शेतीची लाईट रात्रीची असायची. पाणी पाजायला मी आबांच्या मागं जायची. ते सरीच्या त्या टोकाला, मी बांधावर, तोंडात माउथगार्ड. मी दम धरायची. शब्द नीट ऐकू येतोय तोवर आबांची बॅटरी चालू. अडखळला की बॅटरी बंद. पहिल्या रात्री सगळा अंधारच. हळूहळू जीभ कुठं ठेवायची ते कळलं. एका रात्री आबांनी मनातल्या मनात तीस आकडे मोजले, बॅटरी काही विझली नाही. एका चढाईला तेवढेच सेकंद मिळतात.

तालुक्याच्या सामन्यात पंच पहिल्या चढाईला कान देऊन माझ्या जवळनं चालला. काही बोलला नाही. दुसऱ्या डावात एकीचा गुडघा थेट तोंडावर आला. डोळ्यांपुढं काजवे चमकले. बाहेर येऊन माउथगार्ड काढला, जिभेनं एकेक तुकडा चाचपला. सगळे जागेवर.

सामना आम्ही तीन गुणांनी हरलो. घरी आले तर आबा दारातच.

"तारा?"

"हायत्या जाग्यावर."

"आन् दम?"

"पंचानं एकदाबी हटकलं न्हाई."

आबांनी मान हलवली, खुंटीची बॅटरी घेतली आणि पाण्याला निघाले. हरलो का जिंकलो, हे त्यांनी विचारलंच नाही.