मुलांची भूक आणि वैद्यांचे प्रश्न

मूल जेवत नाहीं, ही तक्रार गिरगांवांत जितकी ऐकूं येते तितकी दुसरी क्वचितच येत असेल. आई सांगते, आजी दुजोरा देते, शेजारीण उपाय सुचविते; ज्याच्या भुकेचा हा खल चाललेला असतो त्यास मात्र कोणी कांहीं विचारीत नाहीं. कोरियांतील परंपरागत वैद्यकाचे अभ्यासक मुलांची मंद भूक प्रश्नावलीनें अजमावूं पाहतात, असें वाचनांत आलें तेव्हां म्हणूनच आम्हांस बरें वाटलें. मूल किती खातें एवढ्यावर न थांबतां पोट फुगतें काय, हातपाय गार असतात काय, शौचास कसें होतें, हें विचारून मग दोष कोठें तें ठरवावयाचें, अशी ती रीत. ज्या देशांत ली जे-मा यानें १८९४ सालीं माणसांच्या चार प्रकृति मांडल्या, तेथें सर्व मुलांस एकच औषध चालावयाचें नाहीं हें उघड आहे.

आपल्या वैद्यकास ही दृष्टि परकी नाहीं. दर्शन आणि स्पर्शन यांच्या जोडीस प्रश्न हें रोगपरीक्षेचें तिसरें अंग मानलेलें आहे. अन्न जिरल्याचीं लक्षणें माधवनिदानांत दिलीं आहेत तीं पाहावीं: शुद्ध ढेकर, उत्साह, मलमूत्राची यथास्थित प्रवृत्ति, अंगाचा हलकेपणा, भूक आणि तहान. सहांत भूक ही एक. गॅलरींत दिवसभर हुंदडणारें आणि रात्रीं गाढ झोंपणारें मूल भात टाकून उठलें, तर त्याचा अग्नि मंद ठरविण्यापूर्वीं पांच वाजतां आजीनें कोणता डबा उघडला होता हें विचारावें. (या प्रश्नाला आज्या सरळ उत्तर देत नाहींत, असा आमचा अनुभव आहे.)

टीकाकारांनीं याहूनहि बारीक भेद केला आहे. घास तोंडांत घालूनहि गोड न लागणें तो अरोचक. अन्न पाहून वा त्याचें नांव ऐकूनच किळस येणें तो भक्तद्वेष. आणि भय, क्रोध इत्यादिकांनीं खाण्याची इच्छाच न होणें तो अभक्तच्छंद. या तिसऱ्यावर हिंगाष्टक चूर्ण काय करणार? चमचा हातांत घेऊन दरडावणारी आई समोर बसली असतां मुलाची भूक पळते, ती पोटाच्या दोषानें नव्हे. हल्लीं मोबाइल समोर धरून घास भरविण्याची युक्ति निघाली आहे. तिनें ताट रिकामें होतें, पण भूक होती कीं नव्हती हें मुलासहि कळत नाहीं.

बोलतां न येणाऱ्या बालकांचें काय, हाहि विचार पूर्वीं झालेला आहे. नेपाळांत सांपडलेली काश्यपसंहिता १९३८ सालीं मुंबईच्याच निर्णयसागर छापखान्यांतून बाहेर पडली; तिच्या वेदनाध्यायांत तान्ह्याच्या चेष्टांवरून त्याचें दुखणें कसें ओळखावें तें सांगितलें आहे.

परंतु या साऱ्या प्रश्नावल्या, कोरियांतील काय आणि आपल्या काय, ताटांत अन्न वाढलेलें आहे असें धरून चालतात. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरूं झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार घरीं बसले आणि पगार थांबले. त्या वर्षांतली एक हकीकत लालबागच्या एका बाईंनीं आम्हांस सांगितली. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा रोज रात्रीं "मला भूक नाहीं" म्हणून आपली भाकरी धाकट्या बहिणीकडे सारी. महिनाभर हें चाललें, तेव्हां त्या त्यास जवळच्या एका वैद्यांकडे घेऊन गेल्या. जीभ स्वच्छ, पोट मऊ, झोंप ठीक. वैद्यांनीं नेहमींचे प्रश्न विचारले. सर्वांचीं उत्तरें चांगलीं आलीं. मग त्यांनीं मुलास बाहेरच्या बांकावर बसविलें आणि हलक्या आवाजांत विचारलें, "बाई, तुम्ही स्वतः काल रात्रीं काय जेवलांत?"