ऑक्टोबरात येवल्याला

कारखान्याचं धुराडं पेटलं की घर हलत नाही, म्हणून ऑक्टोबरातच आम्ही उभयतां माळेगाव बुद्रुक सोडतो. दौंडला मनमाडकडची गाडी धरली की नीरा डाव्या कालव्यावरचा ऊस मागे राहतो. येवल्याकडे बाजरीची कणसं, वाफ्यांतला लाल कांदा. दुपारी चटका, पहाटे गोधडी हवीशी. १३ तारखेला मुक्तिभूमीवर सारी माहेर-सासरची माणसं, जुन्या मैत्रिणी भेटतात. १९३५ साली बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती इथेच.

यंदा थोरल्या आत्याला दिसेनासं झालेलं. तिनं आमचे तळवे चाचपले. "कोयता अजून सुटला नाही का रे?" काय सांगणार! लेकीचं कॉलेजचं ओळखपत्र तिच्या हाती दिलं. कडा चाचपत म्हणाली, "फोटोत हसतीय का?"