'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' : विरलेला बँड, उरलेला आवाज

१/६
जानेवारी १९७८ मध्ये 'सेक्स पिस्टल्स' हा लंडनचा पंक बँड फुटला. आयुष्य जेमतेम अडीच वर्षांचे, अल्बम एकच. तरीही त्याच्या अंताची दंतकथा झाली. कारण त्याच्या मागेपुढे रेकॉर्ड कंपन्या, संगीताची साप्ताहिके आणि क्लब होते. त्याच दशकात मुंबईतही एक रॉक बँड उभा राहिला आणि विरला. त्याच्या जाण्याचा गाजावाजा झाला नाही.

२/६
'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' हे त्याचे नाव, कीथ कांगा त्याचे प्रमुख. बाज पंकचा नव्हे, सायकेडेलिक आणि हार्ड रॉकचा. त्याच्या गायकांपैकी एक नंदू भेंडे, म्हणजे आत्माराम आणि आशा भेंडे या नाट्यदांपत्याचे पुत्र. अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ज्यूडास साकारणारे तेच.

३/६
त्या काळी रॉकला हक्काचे घर नव्हते. रेस्टॉरंट, डिस्कोथेक आणि महाविद्यालयीन महोत्सव एवढाच त्याचा संसार. 'सिमला बीट' ही गाजलेली स्पर्धा सिगारेटच्या जाहिरातीसाठी भरे. जाहिरातदाराचे मन फिरले की मंचही जाई. परदेशी गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर आवाक्याबाहेरचे, आणि ध्वनिमुद्रिका कंपन्यांचा जीव चित्रपटगीतांत गुंतलेला.

४/६
बँडचा एकमेव अल्बम 'ऑब्सेशन ७७' बाजारात आला तो १९८१ साली. तोवर बँडचा बहर ओसरला होता आणि नाझिया हसनच्या डिस्कोने तरुणांना झपाटले होते. पुढे २०११ मध्ये एका अमेरिकी कंपनीने तो पुन्हा काढला, तेव्हा कुठे जगाचे लक्ष गेले.

५/६
मात्र भेंडे यांचा आवाज हरवला नाही. १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीने 'तीन पैशाचा तमाशा' रंगभूमीवर आणला. ब्रेख्तच्या नाटकाचे रूपांतर पु. ल. देशपांडे यांचे, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे. रॉकमध्ये घडलेला तो गळा तेथे मराठीत गायला आणि प्रेक्षकांनी त्याला आपले म्हटले. २०१४ साली भेंडे निवर्तले.

६/६
त्याच १९७८ मध्ये ठाण्यात गडकरी रंगायतन उभे राहिले. पुढे कल्याणात अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले नाट्यगृह. मराठी नाटकाने तारखा, तिकीटबारी, समीक्षक आणि प्रेक्षक पिढ्यान्‌पिढ्या जमवले होते; म्हणून त्याला भिंती मिळाल्या. रॉकपाशी उमेद होती, गळे होते, भिंती नव्हत्या. बंडखोरीलाही पुढल्या शनिवारी गाण्यासाठी एक जागा लागते.