एका शब्दाची किंमत

मराठीच्या मास्तराला शब्दांचा थोडा गर्व असतोच. माझा उतरला तो एका शब्दाने, आणि तो शब्द माझाच होता.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी वर्गात ओव्या समजावून सांगत होतो. तिसऱ्या बाकावरची मुलगी एकाएकी खाली कोसळली आणि हातपाय झाडू लागली. डोळे घट्ट मिटलेले. कोणी पाणी आणले, कोणी चप्पल हुंगवायला पुढे केली. दहा-बारा मिनिटांनी ती शांत झाली. पुढच्या महिन्यात दोनदा तोच प्रकार. परीक्षा जवळ आली होती. शिक्षकांच्या खोलीत चहा घेता घेता मी म्हणालो, "ढोंग आहे, दुसरे काय!"

दारात तिची आई उभी होती. ती काही बोलली नाही. रजेचा अर्ज टेबलावर ठेवला आणि निघून गेली.

संध्याकाळी हे मी एका मित्राला सांगितले. तो मेंदूचा डॉक्टर. तो म्हणाला, "अरे, हा शब्द रोग्याच्या कानी पडू नये, यातच माझी निम्मी शक्ती खर्च होते."

मग त्याने सांगितले. असे रोगी वर्षानुवर्षे अपस्माराच्या गोळ्या खातात, गुण येत नाही. शेवटी डोक्याला तारा लावून, समोर कॅमेरा ठेवून झटक्याची वाट पाहायची. झटका येतो, अंग थरथरते. पण मेंदूच्या विद्युतलहरींत अपस्माराचे वादळ दिसत नाही.

"मग बरेच झाले की!" मी म्हणालो.

"बरे झाले खरे, पण सांगू कसे? 'अपस्मार नाही' म्हटले की बापाला ऐकू येते 'पोरगी नाटक करते'. मानसोपचाराचे नाव काढले की 'आम्हाला वेडे ठरवता?' म्हणून उठून जातात. खोटे कशाला बोलू, पहिली काही वर्षे मलाही राग यायचा. बाहेर रोग्यांची रांग, आणि हातात औषध नाही! त्या रागाखाली भीतीही असे. काहींना दोन्ही प्रकारचे झटके येतात. आपलेच निदान चुकले तर?"

पूर्वी याला हिस्टेरिया म्हणत. तो शब्द ग्रीक भाषेतल्या गर्भाशयावरून आलेला. म्हणजे नावातच बाईवर ठपका! पॅरिसला शार्को अशा रोग्यांना भरसभेत दाखवीत असे. त्याचे १८८७ सालचे चित्र प्रसिद्ध आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमग्रंथातून ते नाव १९८० साली गेले. लोकांच्या तोंडून मात्र गेले नाही.

मला चकित केले ते शेफील्डच्या एका प्रयोगाने. २००९ साली तिथल्या डॉक्टरांनी रोग्यांचे बोलणे भाषाभ्यासकांपुढे ठेवले. निदान माहीत नसताना त्यांनी २० पैकी १७ जणांचा आजार बरोबर ओळखला, केवळ सांगण्याच्या धाटणीवरून! म्हणजे माझ्याच विद्येने हे साधते, आणि मी त्याच विद्येने एका मुलीला ढोंगी ठरवले होते.

"तू काय सांगतोस त्यांना?" मी विचारले.

"आधी सांगतो, 'तुझे झटके खरे आहेत. तू मुद्दाम करत नाहीस.' मग सांगतो की मेंदूला इजा नाही, पण शरीरावरचा त्याचा ताबा काही वेळ सुटतो. आणि उपचार आहे, मात्र गोळ्यांचा नव्हे, बोलण्याचा. एवढ्यानेच काहींचे झटके कमी होतात. सगळ्यांचे नाही."

दुसऱ्या दिवशी मी मुलीच्या घरी गेलो. माफीचे वाक्य वाटेत चारदा जुळवले होते. ऐन वेळी नुसते "चुकलो" एवढेच निघाले. आई पदराशी चाळा करीत म्हणाली, "सर, तुम्ही एकदा म्हणालात. आम्ही तर घरात रोज म्हणतो."

मी मित्राचा पत्ता पुढे ठेवला.

मुलगी यंदा बी. ए. झाली. झटके अजून येतात, पण क्वचित. पेढे द्यायला ती आईबरोबर आली होती. आई सहज बोलून गेली, "गेल्या महिन्यात हिला एकदा त्रास झाला, सर."

'त्रास' हा शब्द मी आजवर इतक्या लक्षपूर्वक ऐकला नव्हता.