दोष कुणाच्या घराण्याचा?

मुलीचं लग्न जमवताना आपण काय काय पाहतो! घर, नोकरी, पत्रिका, अगदी नाडसुद्धा. रक्त तपासायचं मात्र कुणाला सुचत नाही. माझ्या नागपूरच्या धाकट्या बहिणीच्या लेकीचं रक्त कॉलेजच्या शिबिरात तपासलं आणि कागदावर आलं, 'सिकलसेल वाहक'. मुलगी अगदी ठणठणीत. पण घरात एकच धोशा, "हे आलं कुणाकडून? आमच्यात तर कुणाला नाही!" बहीण बिचारी रडून रडून अर्धी झाली.

मग मी मुद्दाम बसून या विषयावरचं वाचून काढलं. हिमोग्लोबिन कसं बनवायचं हे सांगणारे दोन जनुक आपल्याला मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. दोन्ही बिघडलेले असले तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि आजार जडतो. एकच बिघडलेला असला, तर माणूस नुसता वाहक.

आता असला जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकला तरी कसा? पूर्व आफ्रिकेत अ‍ॅलिसन नावाच्या डॉक्टरांना दिसलं, की किनाऱ्यावर आणि व्हिक्टोरिया सरोवराकाठी वाहक पुष्कळ, उंच थंड भागात जवळजवळ नाहीतच. डास कुठे जास्त, ते सांगायला नकोच! वाहकांचा मलेरियापासून बचाव होतो, हे त्यांनी १९५४ साली मांडलं. मलेरियाच्या मुलखात वाहक मुलं अधिक जगली, त्यांना लेकरं झाली, जनुक टिकला. आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारकडे तो बराच आढळतो. तिथल्या जंगलपट्ट्यातही हिवताप पूर्वापारचाच.

ही झाली निसर्गाची निवड. पण कधी नुसता योगायोगही पुरतो. पॅसिफिक महासागरातल्या पिंगेलॅप बेटावर १७७५ च्या सुमारास भयंकर वादळ झालं आणि जेमतेम वीसेक माणसं वाचली. त्यांतल्या एकाकडे रंग न दिसण्याचा जनुक होता, असं मानतात. पुढे आपसातच लग्नं होत गेली. आज तिथे शंभरांतल्या पाच ते दहा जणांना रंग मुळीच दिसत नाहीत. त्याचा फायदा कुणालाच नव्हता. मिसळणीच्या डाळींचा डबा सांडला, मूठभर उरली आणि तिच्यात मसूरच जास्त निघाली, तर त्यात मसुरीचा काय गुण आणि काय दोष?

बहिणीला म्हटलं, "अगं, हे कुणाचं पाप नव्हे. तुमच्या कुठल्याशा खापरपणजीने मलेरियाशी झुंज दिली, त्याची ही खूण." आता होणाऱ्या जावयाचीही तपासणी करायची ठरली आहे. त्याचं रक्त निर्दोष असेल तर मुलांना हा आजार होणार नाही. फार तर ती वाहक होतील. दोघेही वाहक निघाले, तर मात्र प्रत्येक गरोदरपणी चारांत एक धोका. पहिलं मूल निरोगी झालं, म्हणून दुसऱ्याची खात्री नाही. अशा वेळी डॉक्टरांचा सल्ला आधीच घ्यायला हवा.

मैत्रिणींनो, पत्रिकेसोबत हा कागदही मागा. फक्त मुलीचाच नव्हे, मुलाचाही!